ऑइल कमी पडलं नव्हतं: दोनदा जॅम झालेल्या एका आरएक्स १०० चा टॉप एंड

माझ्या भाच्याची यामाहा आरएक्स १०० ही मोटरसायकल गेल्या हिवाळ्यात सहा आठवड्यांत दोनदा जॅम झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून इंजिन जागीच थांबलं. पहिल्यांदा माळावर सराव करताना, दुसऱ्यांदा नवा पिस्टन टाकून जेमतेम चाळीस मिनिटं झाली असताना. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये एकच निदान झालं: ऑइल कमी पडलं. तिसऱ्यांदा इंजिन मी स्वतः उघडलं, स्वतः जुळवलं आणि कारण वेगळंच निघालं. टू-स्ट्रोक मातीत पळवणारी पोरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांचे पिस्टन याच पद्धतीने वाया जातात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी १९९३ ची. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी नवी घेतलेली. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०, म्हणजे ९८ सीसी आणि ११ हॉर्सपॉवर. इतक्या हलक्या गाडीला तेवढी ताकद मातीत भरपूर होते. भाच्याने मडगार्ड उंच केली, गाठींचे टायर चढवले, मागचं स्प्रॉकेट मोठं केलं आणि वजन कमी करायचं म्हणून ऑइलची टाकी नि ऑइल पंप दोन्ही काढून टाकले. हा पंप म्हणजे यामाहाची ऑटोल्युब पद्धत. १९६४ पासून कंपनीने ती आणली ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट वाचवण्यासाठी. पंप काढला की ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. शर्यतीच्या गाड्यांना हे बरेच जण करतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र पंप काढल्यावर मागे काय उघडं राहतं ते पाहावं लागतं. त्याकडे पुढे येतोच.

पहिल्यांदा जॅम झाल्यावर एका गॅरेजमध्ये ०.२५ चा बोअर करून (सिलिंडर आतून पाव मिलिमीटर मोठा करून) पिस्टन-रिंग टाकून मिळाले, आणि सल्लाही मिळाला: लिटरला २० मिली टाकतोस ते ४० टाक. पोराने इमानदारीने ४० टाकलं. तरी गाडी चाळीस मिनिटांत पुन्हा आवळली. गॅरेजमध्ये पुन्हा ऑइलचंच निदान झालं, मग टेम्पोत घालून माझ्याकडे आणली.

“मामा, ऑइल तर डबल केलं होतं. तरी कसं काय झालं?”

“पिस्टन आणलायस का दोन्ही?”

“एकच आहे. पहिला गॅरेजवाल्यांनी भंगारात टाकला.”

पहिला पिस्टन मला मिळाला असता तर अर्धं काम तिथेच झालं असतं. जॅम झालेला पिस्टन कधीही टाकून देऊ नका. नवा विकत घेण्याआधी जुना उजेडात धरून पाहा.

पिस्टनवर काय दिसलं

खिडकीशी बसून, हातात बॅटरी घेऊन मी तो पिस्टन फिरवून फिरवून पाहिला. एग्झॉस्टकडच्या बाजूला वरच्या रिंगपासून निम्म्या स्कर्टपर्यंत (स्कर्ट म्हणजे पिस्टनचा रिंगांखालचा भाग) उभे ओरखडे होते. ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासून खाली ओढलं गेलेलं, आणि वरची रिंग एका जागी त्या फासलेल्या धातूखाली खाचेतच दबून बसलेली. पिस्टन उलटा फिरवला तर इनटेककडची बाजू जवळपास कोरी करकरीत. कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा जशाच्या तशा, आणि त्यांच्यावर ऑइलचा ओलसरपणा. गजनपिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन, अंगठ्याने दाबली तर सरकली. रंग पांढरा, कुठे निळी पडलेली नाही. आतल्या बेअरिंगच्या सुया ओल्या.

ऑइल खरंच कमी पडलं असतं तर असं दिसलं नसतं. तेव्हा ओरखडे सगळीकडून येतात, इनटेककडची बाजूही वाचत नाही, पिन तापून निळसर-तपकिरी होते आणि रॉडच्या छोट्या, म्हणजे पिनकडच्या टोकाचं बेअरिंग कोरडं खडखडीत निघतं. थंड इंजिन एकदम पिळलं तर आणखी वेगळं चित्र असतं: चार कोपऱ्यांत चार उभे पट्टे. इथे फक्त एग्झॉस्टची बाजू गेली होती. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं होतं आणि चिनीमातीच्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण चिकटले होते.

एग्झॉस्टची बाजू ही पिस्टनची सर्वांत गरम बाजू. इनटेककडून आणि ट्रान्सफर पोर्टांतून, म्हणजे क्रँकच्या घरातून वर येणाऱ्या वाटांतून, येणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण इतर भागाला थंडावा देतं, पण एग्झॉस्टच्या खिडकीतून प्रत्येक फेरीला जळता वायूच बाहेर जातो. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की पिस्टन जास्त तापतो. बाहेरचं लायनर बिडाचं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांच्या मधली जागा मुळातच केसाहून कमी असते. ती संपली की ऑइलचा थर पिळून बाहेर जातो आणि धातूला धातू लागतो. म्हणजे ऑइल तिथे होतं, पण त्याला राहायला जागाच उरली नाही.

आता ४० मिलीचा हिशेब पाहा. लिटरला २० मिली टाकलं तर एकूण मिश्रणात पेट्रोल ९८ टक्के. ४० टाकलं तर ९६ टक्के. कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीच्या, भोकातून जायचा तो पातळ पदार्थ तेवढाच जातो, त्यामुळे ऑइल वाढलं की प्रत्येक स्ट्रोकला मिळणारं पेट्रोल तेवढं घटतं, आणि घट्ट मिश्रण जेटमधून थोडं हळूही जातं. दोन टक्क्यांनी कुठलंही इंजिन मरत नाही. पण जे इंजिन आधीच पेट्रोलला भुकेलं होतं त्याला आपण आणखी थोडं उपाशी ठेवलं, आणि त्यालाच काळजी म्हटलं.

मी भाच्याला विचारलं, गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडलास की आवाज लगेच खाली येतो का? तो थोडा विचार करून म्हणाला, “नाही मामा. वरच अडकल्यागत राहतोय, मग हळूहळू खाली येतो. मला वाटलं केबल अडकते, म्हणून केबल बदलली.”

केबलचा काही दोष नव्हता. इंजिन कुठून तरी फुकटची हवा घेत होतं.

हवा कुठून घेतंय

कार्बोरेटर काढतानाच पहिली जागा सापडली. ऑटोल्युबची नळी कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या तोंडाशी एका छोट्या पितळी टोकाला लागते. पंप काढल्यावर ते टोक बंद करायला भाच्याने रबरी नळीचा तुकडा लावून त्यात स्क्रू पिळला होता. पेट्रोल आणि उष्णता खाऊन ते रबर इतकं कडक झालं होतं की हात लावताच दोन तुकडे झाले. आतून नुसती चीर.

तिथेच थांबावं असा मोह झाला. कारण सापडलं, टोक नीट बंद करू, बोअर करू, मोकळे होऊ. पण एक फट सापडली म्हणजे दुसरी नसेलच असं काही नसतं. आणि पुन्हा जॅम झालं असतं तर पोराचा या गाडीवरचा विश्वास गेला असता. म्हणून ब्लॉक बोअरिंगला द्यायच्या आधी मी अख्ख्या इंजिनाची हवा तपासायचं ठरवलं.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. फासलेलं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने उतरवून जुना पिस्टन आणि जुना ब्लॉक तात्पुरता बसवला, हेड आणि प्लग लावला. एग्झॉस्टचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद केलं. कार्बोरेटर ज्या रबरात बसतो त्यात रबरी बूच घातलं, बुचातून एक बारीक नळी काढली आणि त्या नळीला भाच्याच्या आजोबांचं बीपी मोजायचं यंत्र जोडलं. काटेवालं, हाताने फुगा दाबायचं. बीपीच्या यंत्राचा काटा ३०० पर्यंत जातो. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आणि टू-स्ट्रोकचं पोट (क्रँकचं बंद घर) तपासायला नेमका तेवढाच दाब लागतो. त्यापेक्षा जास्त दिला तर चांगली सीलंही उगाच उलटतात.

काटा ३०० वर नेला आणि फुग्याची चावी बंद केली. वीस सेकंदांत काटा शून्यावर.

साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. हेडचा जोड कोरडा, ब्लॉकखालचं पॅकिंग कोरडं, रीडच्या (मिश्रण आत घेऊन परत न सोडणाऱ्या झडपेच्या) घराचा जोड कोरडा. मग डाव्या बाजूचं कव्हर काढलं, पुलर लावून मॅग्नेट काढला आणि क्रँकच्या दांड्याभोवती साबण लावला. तिथे एक बुडबुडा हळूच फुगला, फुटला, पुन्हा फुगला, जणू कुणीतरी झोपेत श्वास घेतंय. डाव्या बाजूचं ऑइल सील गेलं होतं. तीस वर्षांचं रबर, ओठ कडक होऊन दांड्याभोवती सैल पडलेला.

उजवं सील गेलं असतं तर गिअर ऑइल आत ओढलं गेलं असतं, सायलेन्सर धुराने भरला असता आणि चार जणांनी सांगितलं असतं. डावं सील गुपचूप जातं. त्याच्या पलीकडे फक्त हवा असते. धूर नाही, गळती नाही, खुणेला जमिनीवर एक थेंबही नाही. मिश्रण पातळ होत जातं आणि एक दिवस मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

नवं सील बसवताना त्याच्या ओठाला बोटाने ऑइल लावलं. कोरडं सील दांड्यावर चढवलं तर पहिल्याच फेऱ्यांत ओठ खरचटतो. पुन्हा फुगा दाबला. सहा मिनिटांनी काटा २९० वर होता. भाचा सगळा वेळ मोबाइलचं घड्याळ धरून उभा होता आणि मिनिटामिनिटाला आकडा मोठ्याने सांगत होता.

उद्यमनगरात

कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा. शिवाजी उद्यमनगरात अशी माणसं आहेत ज्यांना बोअर बोटाने कळतो. माझ्या ओळखीच्या काकांनी ब्लॉक घ्यायच्या आधी पिस्टन मागितला, आणि तेच बरोबर आहे. डब्यावर ०.५० लिहिलंय म्हणून ५०.५० चा बोअर करून ठेवणारे असतात, पण डब्यातला पिस्टन नेमका किती आहे ते मोजल्याशिवाय बोअर ठरत नाही. मोजायचा तो स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर वर, पिनच्या काटकोनात, कारण पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. वर निमुळता, पिनच्या दिशेला किंचित चपटा. गरम झाल्यावर तो गोल व्हावा अशीच त्याची घडण असते.

आमचा ५०.४६ भरला. रोजच्या गाडीला ३५ ते ४० मायक्रॉन फट पुरते. मातीत गाडी कमी वेगाने, वरच्या आवाजात, वारा न लागता चालते, म्हणून आम्ही ४५ ठेवली. बोअर ५०.५०५. काकांनी तो वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून दाखवला. दोन बोअर झाल्यावर ९८ सीसीचं इंजिन १०० सीसीचं झालं, हे ऐकून भाच्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

बोअर झाल्यावर पोर्टांच्या कडांवरून मी नख फिरवलं. वस्तऱ्यासारख्या. रिंग मिनिटाला हजारो वेळा या खिडक्यांवरून जाते आणि प्रत्येक वेळी किंचित बाहेर फुगून आत येते. कड धारदार असेल तर ती रिंगेचा लचका तोडते. भाच्याने आणलेल्या पिस्टनच्या खालच्या रिंगेवर असेच बारीक खड्डे होते, म्हणजे आधीच्या वेळी कडा मारल्याच नव्हत्या. काकांनी बारीक दगडाने सगळ्या खिडक्यांची, खासकरून एग्झॉस्टच्या वरच्या-खालच्या कडेची धार अर्धा मिलिमीटर मोडली आणि मग होनिंग केलं, तिरप्या रेषा एकमेकींना छेदतील असं.

धुणं

यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात. होनिंगच्या दगडाची पूड बिडाच्या छिद्रांत अडकून बसते. पेट्रोल किंवा डिझेलने ती निघत नाही, उलट त्या रेषांत आणखी रुतते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि बाटली धुवायचा ब्रश, एवढंच लागतं. धुतल्यावर पांढरं फडकं आतून फिरवायचं. पहिल्यांदा फडकं काळं आलं, तिसऱ्यांदा राखाडी, पाचव्यांदा पांढरं. ती राखाडी पूड म्हणजे अक्षरशः घासायची पावडर. ती आत ठेवून इंजिन चालवलं तर रिंगा पहिल्याच तासात म्हाताऱ्या होतात.

गरम पाण्याने धुतलेलं बीड लगेच सुकतं आणि तितक्याच लगेच गंजतं. माझ्या डोळ्यांदेखत कडेला तांबूस झाक आली. त्यामुळे सुकल्याबरोबर टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचं बोट सगळीकडून फिरवायचं.

क्रँकचं पोटही धुतलं. जॅम झाल्यावर ॲल्युमिनियमचे कण खाली पडलेले असतात. पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून आत ओतलं, क्रँक फिरवला, इंजिन उलटं केलं, आणि कण येणं थांबेपर्यंत हेच करत राहिलो. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला. अजिबात ठोका नव्हता, म्हणजे खालचं बेअरिंग वाचलं होतं.

कुठे किती ऑइल

टू-स्ट्रोकच्या पोटात ऑइलचा साठा नसतो. फोर-स्ट्रोक सुरू केली की पंप काही सेकंदांत ऑइल वर चढवतो. इथे ऑइल पेट्रोलबरोबर कार्बोरेटरमधून येतं, रीडमधून पोटात उतरतं, मोठ्या टोकाच्या बेअरिंगला लागतं, मग ट्रान्सफरमधून वर जातं. नव्याने जुळवलेल्या इंजिनात या सगळ्या भिंती कोरड्या असतात. तो थर बसेपर्यंतच्या पहिल्या मिनिटात पिस्टनला, पिनला, बेअरिंगला जे काही ऑइल मिळतं ते तुम्ही हाताने लावलेलं, तेवढंच.

म्हणून काही जण अख्खा पिस्टन ऑइलमध्ये बुडवून बसवतात. मला ते पटत नाही. प्रत्येक भागाची गरज वेगळी आहे.

बेअरिंगांना भरपूर हवं. छोट्या टोकाचं नवं सुयांचं बेअरिंग मी रात्रभर वाटीत टू-टी ऑइलमध्ये ठेवलं होतं. मोठ्या टोकाला, रॉडच्या बाजूच्या फटीतून, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीने २ मिली ऑइल सोडलं आणि क्रँक हळूहळू फिरवला. २ मिली पुरे. जास्त झालेलं पोटात साठतं आणि पहिल्या किकला प्लग भिजवतं. गजनपिनला आतून-बाहेरून, पिस्टनच्या पिनच्या भोकांना एकेक थेंब.

स्कर्टला पातळ थर. एक थेंब घेऊन बोटाने पुसत पुसत सगळीकडे पसरवायचा, चकाकी येईल पण ओघळ येणार नाही इतपत. रिंगांच्या खाचांत एक थेंब, रिंग बोटाने फिरवली तर मोकळी फिरावी म्हणून.

रिंगेच्या बाहेरच्या तोंडाला मात्र मी वेगळं ऑइल लावत नाही, आणि बोअरही ऑइल लावून पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसून घेतो. नवी रिंग आणि नवा बोअर पहिल्या थोड्या मिनिटांत एकमेकांना घासून जुळतात. होनिंगच्या रेषांची टोकं झिजतात आणि रिंग गोलभर टेकते. तिथे जाड थर असला तर रिंग त्याच्यावर तरंगते आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन बसते. मग कॉम्प्रेशन कधीच पूर्ण येत नाही. रेषांच्या खोबणीत जे ऑइल उरतं ते रिंगेला पुरतं.

हे सगळं ऑइल तेच, जे पेट्रोलमध्ये टाकणार. घरात पडलेलं फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल लावू नका. ते जळण्यासाठी बनवलेलं नसतं, पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांच्या खाचांत त्याचा कोळसा होतो. एकाने भाच्याला शर्यतीसाठी एरंडेलाचं ऑइल घालायला सुचवलं होतं. सल्ला जुना आणि अनुभवाचा आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी इंजिनं एरंडेलावरच चालत, आणि तापलेल्या धातूला ते चिवटपणे धरून राहतं. पण ते पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, साध्या टू-टीबरोबर मिसळलं तर थंडीत वेगळं होऊन खाली बसू शकतं, आणि मागे चिकट वार्निश ठेवतं. माळावर सराव करणाऱ्या गाडीला चांगलं टू-टी ऑइल पुरेसं आहे. आम्ही लिटरला ३० मिलीवर थांबलो आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकला.

जुळणी

रिंग आधी एकटीच बोअरमध्ये घातली, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ केली आणि टोकांमधली फट फीलर गेजने पाहिली. ०.२० आणि ०.२५. या बोअरला ठीक. फट नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. अक्षर कोरलेली बाजू वर ठेवून रिंगा चढवल्या.

पिस्टनवरचा बाण पुढे, एग्झॉस्टकडे. रिंगांची टोकं ज्या बारीक खुंट्यांवर बसतात त्या मागच्या भिंतीवर, खिडक्या टाळून चालाव्यात यासाठी तो बाण असतो. बाण उलटा झाला तर टोकं खिडकीत अडकतात आणि त्यानंतर मोडण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

पिनची लॉकं बसवण्याआधी क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडकं गच्च कोंबलं. भाच्याला दुसरं लॉक बसवायला दिलं. पक्कडीतून ते उडालं, टिंगकन हेडलाइटला लागलं आणि फडक्यावर येऊन पडलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. फडकं नसतं तर सगळं पुन्हा खोलायला लागलं असतं. लॉक नेहमी नवं घ्यायचं आणि त्याचं उघडं तोंड सरळ खाली किंवा सरळ वर ठेवायचं. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या वर-खाली झटक्यांनी ते दबून निसटू शकतं.

ब्लॉकखालचं पॅकिंग नवं. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडताना जोडावर ओरखडा येऊ दिला नाही. सिलिकॉन लावलं नाही. दाबलं की त्याच्या दोऱ्या आत लोंबतात आणि सुटून क्रँकमध्ये जातात.

पिस्टनखाली दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठेवल्या म्हणजे तो डगमगत नाही. ब्लॉक मी वरून धरला, भाच्याने दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी वरची रिंग खुंटीवर नेमकी मिटवली. ब्लॉक खाली सोडला, रिंग आत गेल्याचा बारीकसा ‘टक’ हाताला जाणवला. मग दुसरी. तसाच टक. ब्लॉक स्वतःच्या वजनाने खाली उतरला पाहिजे. अडला तर वर उचलायचा आणि पुन्हा पाहायचं. दाबायचा नाही आणि फिरवायचा तर मुळीच नाही. फिरवला की रिंगेचं टोक खुंटीवरून सरकून खिडकीत जातं.

हेडचे नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत: आधी १, मग १.८, शेवटी २.३ किलोग्रॅम-मीटर. आमचं हेड कुणीतरी पूर्वी घासलेलं होतं, म्हणून प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत घालून क्रँक फिरवला आणि चेपलेली तार मोजली. १.१ मिलिमीटर. ०.९ च्या खाली मी जात नाही.

कार्बोरेटरचं ते पितळी टोक या वेळी रबराने बंद केलं नाही. काकांनी छोटी पितळी टोपी करून दिली, ती झाळून बसवली. शेवटी बीपीचं यंत्र पुन्हा लावलं, कारण नव्या जुळणीत नवी फट राहू शकते. सहा मिनिटांत ३०० वरून २९०.

पहिली किक

प्लग काढून दहा-बारा वेळा हळू किक मारली, लावलेलं ऑइल सगळीकडे फिरावं म्हणून. प्लग लावल्यावर तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर मिनिटभर, मग कमी. भाच्याने ॲक्सिलरेटर थोडा उघडून सोडला आणि आवाज लगेच खाली बसला. कुणी काही बोललं नाही. पण मला वाटतं गेले दोन महिने तो हेच ऐकायला थांबला होता.

दोन मिनिटं चालवून बंद केली, हात ठेवता येईल इतकी नव्हे, पूर्ण थंड होऊ दिली. असं तीनदा. तिसऱ्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले, दोन किंचित ढिले मिळाले. मग अर्धा तास रस्त्यावर, कधी ओढ देत कधी सोडत, एकाच वेगावर न रेंगाळता. प्लग काढला तर टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं.

सहा तास माळावर चालवून झाल्यावर आम्ही सायलेन्सर उतरवून एग्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरी मारली. किक हाताने हळू फिरवत पिस्टन वर-खाली केला. स्कर्टवर मशीनिंगच्या रेषा शाबूत होत्या, एग्झॉस्टच्या बाजूलासुद्धा. रिंगांच्या तोंडावर एकसारखी चमकती पट्टी, कुठेही तुटलेली नाही. सायलेन्सरचं पॅकिंग नवं टाकून नट आवळले आणि गाडी त्याच्या हवाली केली.

बीपीचं यंत्र आजोबांना परत गेलं आहे, पण महिन्यातून एकदा रविवारी ते पुन्हा माझ्याकडे येतं. भाचा स्वतः बूच लावतो, फुगा दाबतो आणि सहा मिनिटांनंतरचा आकडा वहीत लिहितो. २९०, २९०, २८८. गेल्या रविवारी २७२ आला. साबण लावल्यावर बुडबुडा कार्बोरेटरच्या रबराच्या मागच्या कडेला दिसला, बारीकशी चीर. नवं रबर सांगितलं आहे. ते येईपर्यंत गाडी उभी आहे, आणि त्याने स्वतःहूनच उभी ठेवली आहे.